पोटदुखीचे सर

आमच्या शाळेत घटक चाचणीच्या दिवशी मुलांची पोटं दुखायची. तशी ती सगळ्याच शाळांत दुखतात. पण आमच्याकडे ते कुठे जाऊन सांगायचं, हे ठरलेलं होतं. वर्गशिक्षकांकडे कोणी जायचं नाही. मूल सरळ प्रयोगशाळेच्या दारात उभं राहायचं आणि पोटावर हात ठेवून म्हणायचं, "सर, मनं पोट दुखी ऱ्हायनं."

आतले सर हातातलं काम तिथेच टाकायचे. स्पिरिटचा दिवा विझवायचे, मुलाला बाकावर आडवं करायचे, पोटाच्या उजव्या बाजूला खाली दोन बोटांनी दाबून बघायचे. मग त्याला स्कूटरवर मागे बसवून दोंडाईच्याला दवाखान्यात न्यायचे. जायला वीस मिनिटं, यायला वीस, मध्ये दवाखान्यातली रांग. परत येईपर्यंत गणिताचा पेपर संपलेला असायचा. गणित मी शिकवत असे.

मी मूळची जळगावची. दोंडाईच्याजवळच्या त्या खेड्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात मला कळलं की मुलं या सरांना मागे 'पोटदुखीचे सर' म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक होतं. मला वाटलं, साधाभोळा माणूस दिसतोय, पोरं गंडवतात.

पण भोळे ते मुळीच नव्हते. कोणी कोणाची वही उतरवली, हे त्यांना अक्षराच्या तिरकेपणावरून कळायचं. शाळेमागच्या मळ्यातले पेरू कोणी पाडले, ते चौकशी न करता सांगायचे. वर्गात शिरल्यावर नुसतं नाक वर केलं की मागच्या बाकावरच्या पोरानं खिशातला गुटखा कुठे लपवलाय हे त्यांना समजे. एवढा तल्लख माणूस पोटदुखीपाशीच आंधळा कसा होतो, हे मला सुटेना. न सुटलेलं गणित डोक्यात घेऊन झोपायची मला सवय नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडे जास्तच बारकाईनं बघू लागले.

त्यांच्या खोडी पुष्कळ. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकट आखून ठेवली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'माहीत नाही'. मुलांनी काही विचारलं आणि त्यांना उत्तर आलं नाही, की तो प्रश्न त्या चौकटीत जायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पुसायचा नाही. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं की केळं वाकडंच का असतं. पुस्तकात काहीबाही मिळालं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीत हे गृहस्थ एसटी बदलत बदलत रावेरला गेले, एका केळीच्या बागेत अर्धा दिवस घडाखाली उभे राहिले आणि तिथल्या शेतकऱ्याशी बोलून परत आले. घड खाली लोंबतो, पण त्यातलं एकेक केळं उजेडाकडे, वर वळायला बघतं, हे त्यांनी मुलांना हातवारे करून सांगितलं. आणि चौकटीत नवा प्रश्न लिहिला: 'वर कुठे आहे हे केळ्याला कसं कळतं?'

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती चौकट पाहून विचारलं, हे काय? विज्ञानाच्या शिक्षकाला माहीत नाही हे फळ्यावर लिहून ठेवायचं? सर म्हणाले, "साहेब, माहीत असलेलं पुस्तकात आहेच. हे कुठेच लिहिलेलं नाही म्हणून लिहिलं." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कळलं नाही, पण मुख्याध्यापक दोन दिवस घुश्शात होते.

दुसरी खोड रविवारची. दर रविवारी सकाळच्या एसटीनं ते धुळ्याला जायचे, तिथल्या एका जुन्या, लहानशा चर्चमध्ये. त्यांचं घराणं शेतकरी, गावात भाऊबंदकी, घरात कुलदैवत. यातलं कोणीच ख्रिस्ती नव्हतं. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या मागे बरंच बोललं जायचं. कोणी म्हणे, पैसे मिळाले असतील. कोणी म्हणे, डोक्यावर परिणाम झालाय. त्यांच्या सख्ख्या भावानं दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. शाळेत ते या विषयावर अवाक्षर काढत नसत. पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडण्याआधी, किंवा एखाद्या पोराला कडक शब्दांत बोलायच्या आधी, ते क्षणभर डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "भाऊ, सांभाळ."

हा भाऊ कोण, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते जरा लाजले. म्हणाले, तिथे सगळे प्रभू म्हणतात, पण माझी जीभ वळत नाही. आमच्याकडे थोरल्याला भाऊच म्हणायचं असतं.

आणि त्यांचा रजेचा अर्ज. तो तर आमच्या शाळेतला कायमचा विनोद होता. मी रुजू होण्याआधीची गोष्ट, पण मुख्याध्यापकांनी मला ती पहिल्याच आठवड्यात सांगितली. या सरांनी कधी काळी तीन दिवसांची रजा मागितली होती आणि कारणापुढे लिहिलं होतं, 'घरी पत्नीचे ऐकून घ्यायचे आहे.' मुख्याध्यापक म्हणाले, अहो, आपण सगळेच ऐकतो, पण त्यासाठी कोणी रजा टाकतं का? सगळे हसले. मीही हसले.

तिसऱ्या वर्षी आमचं वाजलं. आठवीची चाचणी चालू होती. एक मुलगी उठून उभी राहिली, पोट दुखतंय म्हणाली. आदल्या दिवशी दोघांची पोटं दुखून बरी झाली होती. मी तिला म्हटलं, बस खाली, पेपर लिही, आणि सरांकडे जायचं नाव काढू नकोस. ती बसली. दहा मिनिटांनी सर व्हरांड्यातून जात होते. त्यांनी खिडकीतून तिच्याकडे पाहिलं आणि आत आले. मला न विचारता, सगळ्या वर्गादेखत तिला उठवलं आणि घेऊन गेले.

माझा संताप झाला. ते परत आले तेव्हा मी प्रयोगशाळेतच गेले. मुलीला काहीही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून, उपाशी आलीस का म्हणून तिला बिस्किटं खायला घातली होती आणि तिनं कबूलही केलं होतं की समीकरणं येत नव्हती. सर मोठ्या आनंदात होते. मी म्हटलं, "सर, पोरं तुम्हाला फसवतात. तुम्हाला कळत नाही?"

"कळतं ना."

"मग?"

"मॅडम, फसवलं म्हणजे पोर बरी आहे." ते काचेच्या नळ्या पुसत होते. "मला फसवलं की मी खूष असतो. देव करो आणि मला रोज फसवोत."

मी म्हटलं, तुमच्या या खुळापायी मुलं गणितात नापास होतात. त्यावर त्यांनी मान डोलावली, म्हणाले, ते खरंय, त्यांना मी संध्याकाळी शिकवत जाईन, तुम्ही फक्त कुठला धडा ते सांगा. भांडायला गेलेल्या माणसाची यानं फारच पंचाईत होते.

त्याच शनिवारी मी जळगावला निघाले होते आणि ते बायकोसाठी औषध घ्यायला दोंडाईच्याला आले होते. एसटी स्टँडवर गाठ पडली. माझी गाडी लागायला वेळ होता. ते शेजारी बसले आणि मी काही विचारलं नसताना म्हणाले, तुम्ही परवा त्या मुलीला जे सांगितलंत ना, ती स्कूटरवर म्हणाली मला, बस खाली, पेपर लिही, तेच शब्द मी एकदा बोललोय. मग त्यांनी ते सांगितलं. सांगताना आवाज वर्गात शिकवतानाचाच होता, शांत, एकेक पायरी करून.

त्यांना एकच मुलगी होती. तेरा वर्षांची. याच शाळेत. चाचणीच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, पोटात दुखतंय. त्या काळी ते फार कडक होते. पोटदुखी हा शब्द ऐकला की छडी आठवावी असा त्यांचा लौकिक होता. मास्तरची पोरगीच बहाणे करू लागली तर इतरांना काय सांगायचं, म्हणून त्यांनी तिला शाळेत आणलं. बायको म्हणत होती, अहो, ती खोटं बोलत नाहीये, तिचं अंग बघा. त्यांनी बघितलं नाही. मुलीनं पेपर पूर्ण लिहिला. दुसऱ्या दिवशीही दुखत होतं, तेव्हा ओवा दिला. तिसऱ्या दिवशी तिला उभं राहता येईना. अपेंडिक्स पोटात फुटलेलं होतं. आधी दोंडाईचा, मग धुळे. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण फार उशीर झाला होता. त्यांची मुलगी आजारानं गेली, एवढंच मी शाळेत ऐकलं होतं.

"पेपरात पंचवीसपैकी एकवीस होते," ते म्हणाले. "मीच तपासला. नंतर."

त्यानंतर दीड-दोन वर्षं ते भेटेल त्याला एकच विचारत सुटले. असं का झालं? आणि प्रत्येकाकडे उत्तर होतं. ज्योतिषानं ग्रह सांगितले. कीर्तनकारानं मागच्या जन्माचं देणं सांगितलं. भाऊ म्हणाला, तिचं आयुष्यच तेवढं होतं. आणि सगळ्यांनी न चुकता शेवटी एक वाक्य म्हटलं, मास्तर, तुमची काही चूक नाही.

एकदा दहावीचे पेपर तपासायच्या कामासाठी ते धुळ्याला गेले होते. दुपारी उन्हातून भटकत असताना एका चर्चच्या आवारात सावली दिसली, म्हणून पायरीवर टेकले. तिथे एक वयस्क माणूस गळका नळ दुरुस्त करत होता. तो तिथला पाळक होता. सरांनी त्यालाही विचारलं, जसं सगळ्यांना विचारत होते तसं. पोटदुखी, पेपर, सगळं सांगितलं आणि विचारलं, का?

पाळकांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

"मॅडम, दोन वर्षांत असं म्हणणारा तो पहिला माणूस," सर म्हणाले. "मी विज्ञान शिकवतो. ज्याला माहीत नाही असं म्हणता येतं, त्याच्यावर माझा विश्वास बसतो."

मग दोघांनी मिळून नळ दुरुस्त केला. पुढच्या रविवारी सर मुद्दाम धुळ्याला गेले, ज्याला माहीत नाही तो माणूस रविवारी लोकांना सांगतो तरी काय, हे ऐकायला. शेवटच्या बाकावर बसले. प्रार्थना वगैरे काही केली नाही. असे किती रविवार गेले, ते त्यांनी मोजले नाहीत. तिथे त्यांनी ऐकलं की माणूस होऊन आलेला देव मित्राच्या थडग्यापाशी उभा राहून रडला होता. आणि हेही ऐकलं की देवाचाही मुलगा गेलेला आहे, क्रुसावर, तरुण, आईच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी ते उठून बाहेर आले आणि नळापाशी उभं राहून चेहरा धूत राहिले. "मला वाटायचं, देवाला काय कळणार. त्याचं कुठे कोण गेलंय. तर गेलेलं होतं."

उपासना संपल्यावर पाळक बाहेर आले. सरांनी त्यांना विचारलं, माझी चूक नव्हती असं सगळे म्हणतात, तुम्ही का म्हणत नाही? पाळकांनी उलट विचारलं, "चूक होती का?"

"होती," सर म्हणाले.

"मग माफी मागू या."

हे सांगताना सर पहिल्यांदा थांबले. स्टँडवर कुठलीशी गाडी लागल्याची घोषणा चालली होती, ती संपू दिली. मग म्हणाले, "सगळे चांगल्या मनानं सांगत होते हो, चूक नाही म्हणून. पण चूकच नाही, तर माफी कशाची मागणार? मी ती चूक हातात घेऊन दोन वर्षं फिरत होतो. कोणी घ्यायलाच तयार नाही. त्या माणसानं म्हटलं, आण इकडे, आपण दोघं ती देवापुढे ठेवू."

ते त्या दिवशी मातीत गुडघे टेकून किती वेळ बसले, ते त्यांना आठवत नव्हतं. उठताना पाळकांनी त्यांना हात दिला आणि एक गोष्ट सांगितली: देवाकडे झालं, आता घरी जा, तिथेही एक माणूस आहे.

माझी गाडी लागली, मी उठले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ते मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात.

त्यांना मी काकू म्हणत असे. बारीक, उंच, कमी बोलणाऱ्या. आखाजीच्या आधी त्यांनी मला सांजोऱ्या करायला बोलावलं होतं. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मुलगी गेल्यापासून काकू आखाजीला घराला कुलूप लावून जामनेरला भावाकडे निघून जायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच घरी राहिल्या होत्या. मला वाटतं, म्हणूनच मला बोलावलं. तळता तळता त्या आपणहून बोलू लागल्या.

मुलगी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला टाकलं नाही, भांडल्या नाहीत. रोज भाकरी टाकली, डबा दिला. पण कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. लोक म्हणायचे नशीब, हेही मान डोलवायचे, आणि काकूंना वाटायचं, मी सांगत होते ना? मी सांगत होते, ते कुठे गेलं? ते कोणाच्याच लक्षात नाही का?

मग एका रविवारी ते धुळ्याहून आले. गुडघ्यांना माती लागलेली. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. पोर माझ्या हट्टापायी गेली. मला माफ कर.

"तुम्हाला बरं वाटलं असेल ना?" मी विचारलं.

काकूंनी झारा तेलातून काढला. "बरं कसलं. मला एवढा राग आला, एवढा राग आला, की समोरची परात मी भिंतीवर भिरकावली."

त्या तीन दिवस बोलत होत्या. एवढ्या काळाचं साठलेलं सगळं. पोरीचं अंग कसं तापलं होतं, शाळेत जाताना तिनं मागे वळून कसं पाहिलं होतं, काकूंनीच कसा दप्तराचा पट्टा तिच्या खांद्यावर चढवला होता. शिव्याही दिल्या. सर समोर पाटावर बसून होते. शाळेत गेले नाहीत. मध्येच उठले नाहीत, असं नव्हतं, तसं नव्हतं, असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याच तीन दिवसांचा तो रजेचा अर्ज. मला एकदम माझं ते हसणं आठवलं, आणि मी खाली मान घालून सांजोऱ्यांच्या कडा दुमडत राहिले.

तिसऱ्या रात्री काकू झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठल्या. सरांनी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी थापून ठेवली होती, जाड आणि करपलेली. दोघांनी ती ठेच्याबरोबर खाल्ली.

"मग माफ केलंत?"

त्यांनी पुढची सांजोरी तेलात सोडली. म्हणाल्या, एकदम नाही होत ते. थोडं थोडं होतं. काही दिवशी केलेलं परत घेते. त्यांना सांगतेसुद्धा, आज माफ नाही. ते म्हणतात, बरं. पण आता निदान बोलतो तरी.

चर्चमध्ये त्या कधी गेल्या नव्हत्या. देव्हारा घरात होता, तो त्याच पुजायच्या आणि सर त्यांना सकाळी फुलं आणून द्यायचे. सरांनी कधी चल म्हटलं नाही, त्यांनी कधी जाऊ नका म्हटलं नाही. त्यांना एवढंच कळत होतं की आधी हा माणूस घरात सावलीसारखा वावरायचा, आणि धुळ्याला जायला लागल्यापासून हळूहळू परत आला. जेवताना चव सांगायला लागला. एकदा तर अंघोळ करताना बेसूर गात होता.

पुढच्या वर्षी माझी बदली जळगावला झाली. जायच्या आधी मी सरांना म्हटलं, एकदा तुमचं चर्च बघायचंय. खरं म्हणजे मला ते नळवाले पाळक बघायचे होते. रविवारी सकाळी एसटी स्टँडवर गेले, तर सरांच्या शेजारी काकू. नवीन लुगडं, हातात कापडी पिशवी. सरही जरा बावरलेलेच दिसत होते. ही सकाळी उठून तयारच होऊन बसली, एवढंच ते मला हळूच म्हणाले.

चर्च खरोखरच लहान होतं. पंखे दोन, माणसं चाळीसेक, बहुतेक साधी, कामकरी. एक बाई हार्मोनियमवर गाणी म्हणत होत्या. पाळक वयानं फार थकले होते. गाणी झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. एक म्हातारे उठून मुलाच्या नोकरीबद्दल आभार मानून बसले. मग सर उठू लागले, तर काकूंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

त्यांनी पदर सारखा केला. इकडेतिकडे कोणाकडे पाहिलं नाही.

"मनी पोरनं नाव रेखा व्हतं," त्या म्हणाल्या. "तेरा वरीसनी व्हती. तिले गाणं येये नही, पन दिनभर म्हने."

थांबल्या. बसावं की नाही, हे त्यांना कळेना. पिशवीचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला होता. सर त्यांच्याकडे वर मान करून बघत होते, आणि तोंडावरून पाणी वाहत होतं ते पुसत नव्हते. मागे कोणीतरी हलकेच नाक ओढलं.

पाळकांनी समोरचा उपदेशाचा कागद घेतला, त्याची घडी केली आणि खिशात ठेवली. खुर्ची ओढून खाली बसले.

"सांगा अक्का," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."